तीन नळ्यांची साक्ष

एखादी खोटी समजूत निरुपद्रवी आहे, एवढ्याच कारणासाठी तिला जगू द्यावे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात मी पुष्कळ वर्षे घातला आहे. आणि त्याचे मला हवे तसे उत्तर मुलांच्या तोंडून वदवून घेण्याची हातोटीही मला साधली होती. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तोच प्रश्न जर्मनीतून मला उलट घातला, तेव्हा मात्र ती हातोटी काही कामास आली नाही.

हा विद्यार्थी बव्हेरियातील एका लहान गावी राहतो. त्याचे घरमालक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ असून परवानाधारक शिकारी आहेत. त्यांच्या घरी एक तीन नळ्यांची बंदूक आहे. वरच्या दोन नळ्या शेजारी शेजारी, आतून गुळगुळीत, छऱ्यांसाठी. खालची तिसरी आत पेच पाडलेली, एका गोळीसाठी. अशा बंदुकीला जर्मन लोक ‘ड्रिलिंग’ म्हणतात, म्हणजे आपण ‘तिळे’ म्हणतो तोच शब्द. तिकडचा शिकारी पायी हिंडतो, आणि एकाच फेरीत त्याला ससा, तितर, कोल्हा, हरिण, रानडुक्कर यांपैकी कोण भेटेल याचा नेम नसतो. म्हणून ही मिश्र बंदूक. एक छऱ्याची व एक गोळीची अशा दोनच नळ्यांची ती ‘ब्युक्सफ्लिंट’, आणि चार नळ्यांची ‘फीरलिंग’. चार नळ्यांचे ओझे खांद्यावर टाकून कोणी आनंदाने रान तुडवीत असेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

घरची कथा अशी की, ही बंदूक पणजोबांना 1886 साली एका जमीनदाराने इमानाची बक्षिसी म्हणून दिली. दर नाताळात ती भिंतीवरून खाली येते, तेल लावून पुसली जाते आणि कथा पुन्हा सांगितली जाते. आमच्या विद्यार्थ्याला चौकस बुद्धीची खोड आहे. (त्या खोडीला मीच थोडासा जबाबदार असावा.) तेल लावताना नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या, तेव्हा त्यांच्या पोटाशी असलेले ठसे त्याने पाहिले, उतरून घेतले आणि त्यांचा अर्थ शोधून काढला.

ते ठसे वाचण्याचे शास्त्र मोठे मनोवेधक आहे. जर्मन साम्राज्याने 1891 साली कायदा केला आणि तो 1 एप्रिल 1893 पासून अमलात आणला. प्रत्येक बंदूक विकण्यापूर्वी सरकारी परीक्षणगृहात नेहमीपेक्षा भारी बार भरून उडवावयाची आणि टिकली तर तिच्यावर मुकुटांकित अक्षरे उमटवावयाची. ‘यू’ म्हणजे तपासणी झाली, ‘एस’ म्हणजे छऱ्याची नळी, ‘जी’ म्हणजे पेचाची, ‘डब्ल्यू’ म्हणजे तोंडाशी आवळलेली. कायदा आला तेव्हा जो माल आधीच तयार होऊन पडला होता, त्यावर ‘व्ही’. म्हणजे हे एक अक्षर ‘मी त्यापूर्वीची आहे’ असे सांगते, तर बाकीची ‘मी त्यानंतरची आहे’ असे. पेचाच्या नळीचे माप तर प्रारंभी फारच चमत्कारिक रीतीने लिहीत. एका इंग्रजी पौंड शिशाच्या नळीत बसतील अशा किती गोळ्या होतात, तो आकडा; उदाहरणार्थ, 172.28. सुमारे 1911 पासून तेथे सरळ मिलिमीटर आले. पुढे 1940 साली मुकुट गेला आणि गरुड आला. थुरिंगियातील झूल हे बंदूककामाचे मोठे गाव (हत्तीच्या झुलीशी त्याचा संबंध नाही). तेथील परीक्षणगृह दोन महायुद्धांच्या दरम्यान परीक्षेचा महिना आणि सालही ठोकीत असे.

याउलट ज्या खुणा डोळ्यांत भरतात, त्याच बहुधा फसवितात. बाहेरचे घोडे दिसले की बंदूक जुनी, असे लोक धरून चालतात. परंतु घोडे पोटात लपविलेल्या बंदुका सर्वत्र झाल्यावरही हाताला जुनी सवय असलेले गिऱ्हाईक बाहेरच्या घोड्यांचीच बंदूक मागत असे, आणि कारागीर ती करून देत असे. नळीवर क्रुपची तीन कडी दिसली की क्रुपने बंदूक केली, असे वाटते. वस्तुतः ती कडी केवळ पोलाद कोणाचे एवढेच सांगतात. वर सुबक अक्षरांत कोरलेले नावही पुष्कळदा विकणाऱ्याचे असते. नळी एकाने ओढलेली, चाप दुसऱ्याने बसविलेला, दस्ता तिसऱ्याने घडविलेला. आणि त्या तिघांचीही नावे कोठे नाहीत.

विद्यार्थ्याला नळ्यांच्या पोटाशी मुकुट सापडले, आणि एका कोपऱ्यात ‘4 27’ हे आकडे. एप्रिल 1927. पणजोबा तोपर्यंत हयात नव्हते. “सर, सांगू की नको?” असे त्याने लिहिले होते.

माझा पहिला कौल ‘नको’ असा होता, हे मी कबूल करतो. क्लिफर्डचा 1877 सालचा प्रसिद्ध निबंध मी अनेकदा शिकविला आहे. त्यातील जहाजमालक आपले जुने तारू सुरक्षित आहे अशी स्वतःची सोयीस्कर समजूत करून घेतो आणि उतारूंना बुडवितो. पण जहाजावर उतारू असतात, भिंतीवरच्या बंदुकीवर कोण असते? एका वृद्धाच्या नाताळाचा रस घालवून सत्याची कोणती सेवा होणार? असे उत्तर मी निम्मे लिहिलेही होते. मग पत्राची अखेर पुन्हा वाचली. तेथे सहज म्हणून लिहिले होते की, घरातील नातवाला नुकताच शिकारीचा परवाना मिळाला असून येत्या हंगामात पणजोबांची ‘आठ मिलिमीटरची’ तो बाहेर काढणार आहे.

येथे मी थबकलो. जर्मन लष्कराचे 1888 चे काडतूस आणि 1905 चे काडतूस, दोन्ही बोलीत आठ मिलिमीटरचीच. पहिल्याची गोळी 8.07 मिलिमीटर, दुसरीची 8.20, कवच एकाच घाटाचे. शिकारी बंदुकांच्या काठवाल्या काडतुसांतही हाच भेद उतरला आहे. फरक एका केसाएवढाही नाही, परंतु अरुंद नळीत रुंद गोळी भरली तर आतील दाब कोठवर चढेल याचा भरवसा नाही. त्यात पहिल्याची खूण ‘आय’, पायदळ या अर्थी. जुन्या जर्मन छापात ‘आय’ आणि ‘जे’ यांचे रूप एकच, म्हणून कित्येकांनी ती ‘जे’ वाचली, आणि ती चूक आजही चालते. अशा ठिकाणी नळीतून मऊ शिशाची गोळी ढकलून माप घ्यावे लागते. ते माप त्या घरात कोणी कधी घेतले नव्हते. कारण बंदूक घरची! तिची सारी माहिती सर्वांना होतीच. 1888 साली जन्मलेले काडतूस 1886 च्या बंदुकीत कसे, ही शंकादेखील कोणाच्या मनाला शिवली नव्हती.

खोट्या समजुतीचा दोष मी आजवर चुकीच्या जागी शोधीत होतो. पणजोबांनी कोणती बंदूक खांद्यावर घेतली, याने जगाचे काहीच बिघडत नाही. पण ‘आम्हांला ठाऊक आहे’ या भावनेने विचारण्याचे दार लागते, आणि त्या दारामागे नेमकी कोणती गोष्ट अडकून पडेल, हे समजूत निरुपद्रवी ठरविणाऱ्याला आधी कळणे शक्य नसते. मी ते निम्मे पत्र फाडले आणि ‘आजच सांग’ असे लिहिले. मात्र त्या पत्राची अखेर मी वाचलीच नसती, तर माझे ‘नको’ कायम राहिले असते, आणि तेही मोठ्या सहृदयतेच्या समाधानात. ही गोष्ट मला अजून टोचते.

पुढची हकीकत विद्यार्थ्याने सविस्तर कळविली. माप घेण्यासाठी बंदूक कारागिराकडे गेली. नातू थोडा हिरमुसला. म्हातारबुवा मात्र बराच वेळ ठशांकडे भिंगातून पाहत राहिले. 1945 साली अमेरिकन सैन्य आले, तेव्हा घरोघरच्या बंदुका जमा करण्याचा हुकूम निघाला होता. पुष्कळ बंदुका शिपायांच्या सामानातून समुद्रापार गेल्या. त्या वेळी ते अगदी लहान होते. मग त्यांनी कपाटातून पणजोबांचे एक पिवळे पडलेले छायाचित्र काढले आणि भिंग त्यावर धरले. चित्रातल्या बंदुकीला बाहेर घोडे होते. मांडीवरच्या बंदुकीला नव्हते.

“मग ती कोठे गेली?” एवढेच त्यांनी विचारले. आता विद्यार्थी आणि ते मिळून ती शोधीत आहेत.