फ्रान्सिस हे नाव परके आहे का?



बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद करायला आलेले आईवडील कधी कधी नावाशी अडतात. आजीला फ्रान्सिस हवा असतो, आईला भीती असते की उद्या लाखनीच्या शाळेत पोरे विचारतील, हे कुठले फिरंगी नाव? ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. स्वतःच्या गावात लेकराला परके वाटणे हे दुःख खरे आहे.

गंमत अशी की चिडवणारी पोरे नकळत बरोबर बोलतात. फ्रान्सिस हे लॅटिन 'फ्रान्सिस्कुस'वरून आले. त्याचा अर्थ फ्रँक लोकांपैकी, पुढे फ्रान्सचा. त्याच फ्रँक लोकांच्या नावावरून अरबी-फारसीमार्गे 'फिरंगी' हा शब्द आपल्याकडे आला. दोघेही एकाच मुळाचे!

पण असिसीतही हे नाव परकेच होते. ११८१च्या सुमारास तिथल्या कापडव्यापारी पिएत्रो बर्नार्दोने यांना मुलगा झाला. ते तेव्हा व्यापारासाठी फ्रान्समध्ये होते. आईने बाप्तिस्म्यात योहान हे नाव दिले. बाप परतला आणि पोराला 'फ्रान्चेस्को', म्हणजे फ्रान्सवाला, म्हणू लागला. जखऱ्याच्या घरी शेजाऱ्यांनी योहान या नावालाच हरकत घेतली होती, ते इथे आठवते. पुढे बिशपांसमोर या मुलाने अंगावरचे कपडेसुद्धा बापाला परत केले. नाव मात्र राहिले. ते त्याने महारोग्यांच्या सेवेत आणि गरिबीत इतके झिजवले की त्यातला फ्रान्स कोणाला आठवेनासा झाला.

६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेविअर नवाराचे होते. संत फ्रान्सिस डी सेल्स सव्हॉयचे, जे तेव्हा फ्रान्सच्या राज्यात नव्हते. त्यांच्याच नावाचा मिशनरी संघ एकोणिसाव्या शतकात आनेसीहून भारतात आला, १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला, आणि नागपूरचे कॅथेड्रल आजही त्यांच्या नावाने उभे आहे. १३ मार्च २०१३ रोजी अर्जेंटिनाच्या कार्डिनल बेर्गोलिओ यांनी गरिबांची आठवण म्हणून हेच नाव घेतले. त्याआधी एकाही पोपने ते घेतले नव्हते.

आणि मराठीचे म्हणाल, तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. निवडीला काहींनी विरोध केला, तो त्यांच्या मराठीला नव्हे. २०२४ मध्ये ते वारले, तेव्हा महाराष्ट्राने आपला एक लेखक गेला असेच म्हटले.

संताचेच नाव हवे, अशी सक्ती नाही. १९८३च्या धर्मसंहितेचे ८५५वे कलम एवढेच सांगते की नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे. आनंद चालेल, प्रकाश चालेल. पण फ्रान्सिस ठरले असेल, तर तिघांपैकी कोणता ते घरी बोलून या: ४ ऑक्टोबर असिसीकरांचा, ३ डिसेंबर झेविअर यांचा, २४ जानेवारी डी सेल्स यांचा सण. नोंद करताना आम्ही ते विचारू.