माणूसपणाचे लक्षण

महाभूलेखवर सातबारा पाहायचा तर आधी कॅप्चा भरावा लागतो. इतरत्र चौकटींतले सिग्नल नाहीतर मोटारी निवडायला सांगतात. समोर माणूस आहे की आपोआप चालणारा प्रोग्राम, एवढेच ठरवायचे असते. हा प्रश्न तंत्रज्ञांचा समजला जातो. मुळात तो लक्षणाचा, म्हणजे व्याख्येचा आहे, आणि लक्षणाचे दोष न्यायशास्त्राने केव्हाच सांगून ठेवले आहेत. ज्याचे लक्षण करायचे त्यातलेच काही सुटले तर अव्याप्ती, भलतेच आत आले तर अतिव्याप्ती. चित्रकोड्यात दोन्ही दोष आहेत. आपली प्रणाली सर्वांत अवघड वाकडी अक्षरेही ९९.८ टक्के अचूक वाचते, हे गूगलनेच २०१४ मध्ये सांगितले. उलट अंध माणसाला ते कोडे दिसतच नाही. कोडे अवघड करत जावे तसा दोष वाढतो, कारण नजर अधू झालेला म्हातारा यंत्राच्या आधी अडतो. कोडे कौशल्य तपासते, आणि कौशल्य गेले म्हणून माणूसपण जात नाही.

कौशल्य आणि माणूसपण यांतला हा भेद वर्ध्यात आचरणात आलेला आहे. १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी इथले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. जवळच्या सेवाग्रामात कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना गांधीजींनी ठेवून घेतले, त्यांची शुश्रूषा स्वतः केली. शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित होते, म्हणून त्यांना जागा मिळाली, असे कोणी म्हणेल. पण मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभारले, ते काही पंडितांसाठी नव्हे. तिथे माणूस असणे पुरेसे होते. ते सिद्ध करण्याचा भार रोग्यावर नव्हता.

आक्षेप रास्त आहे: मंदिरात प्रोग्राम शिरत नाहीत, संकेतस्थळावर शिरतात, आणि दलालांची सॉफ्टवेअर रेल्वेची तत्काळ तिकिटे पळवतात. राखण हवीच. पण ती वर्तनावर ठेवता येते. एकाच ठिकाणाहून क्षणात शेकडो मागण्या आल्या तर त्या रोखाव्यात, मग मागणारा कोणीही असो. ऐकण्याचे कोडे हा पर्यायही अपुरा आहे; यंत्र तेही ओळखते, आणि दृष्टी व श्रवण दोन्ही नसलेला माणूस बाहेरच राहतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांची तक्रार होती की, ओळख पटवताना पापणी मिटून दाखवायला सांगतात आणि आम्हाला ती मिटताच येत नाही. ती अट घालणाऱ्याने पापणीलाच माणसाचे लक्षण मानले होते.