ढेकूण, रुग्णशय्या आणि अहिंसा

महाड-पोलादपूरसारख्या डोंगराळ भागात रुग्णासोबत पुष्कळदा घरची वळकटीही रुग्णालयात येते, आणि तिच्या शिवणीत दडलेला ढेकूण खाटेच्या सांध्यात ठाण मांडतो. रक्ताखेरीज त्याला अन्न नाही. जैन विचारात तो त्रींद्रिय, म्हणजे स्पर्श, रस व गंध जाणणारा जीव होय. मग त्याला मारावे काय? १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहाने महाडशी कायमचे जोडले गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत केलेला भेद येथे निर्णायक ठरावा. कूसही बदलता न येणाऱ्या रुग्णाला चाव्यांच्या हवाली करणे ही अहिंसा खासच नव्हे; मात्र गरजेलाही मर्यादा असते, म्हणून कपडे उकळणे, सांध्यांना वाफ देणे, भिंतीच्या भेगा बुजवणे हे आधी करावे, आणि दम्याच्या रुग्णाजवळ कीटकनाशक मुळीच फवारू नये.