पाण्याखालची शेते

मुलाबाळांना घेऊन जलाशयाच्या काठाने फिरणे हा निर्मळ आनंद आहे. पुण्याच्या पश्चिमेला मुळशीच्या काठी असे फिरता येते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला शांत पाणी. पण हे तळे निसर्गाने दिलेले नाही. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीने येथे धरण बांधले. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास सोसला. तरीही त्यांची भातखाचरे आणि घरे पाण्याखाली गेली.

मग हे पाणी पाहून आनंद मानणे अयोग्य आहे काय? तसे नाही. आपण उदास झाल्याने कुणाचे शेत परत मिळत नाही. मात्र ज्याची किंमत दुसऱ्याने मोजली, ते आपण फुकटचे समजणे हा अन्याय आहे. मुले विचारतील, "हे तळे कुणी केले?" तेव्हा धरण बांधणाऱ्यांबरोबर शेत गमावणाऱ्यांचीही आठवण सांगावी. उद्या आपल्या नळाला दुसऱ्याच्या शिवारातून पाणी येईल, तेव्हा त्या शिवाराचे काय झाले, हे विचारायला ती विसरणार नाहीत.