वकिलातीतून न्यायासनाकडे

मराठी भाषा मोठी चतुर आहे. पेशवाईत 'वकील' म्हणजे परक्या दरबारात आपल्या धन्याची बाजू राखणारा मुत्सद्दी. पुढं तोच शब्द काळा डगला चढवून कोर्टात गेला आणि जुन्या धंद्याची आठवण म्हणून 'वकिलात' तेवढी मागं ठेवून गेला. म्हणजे दोघे एकाच गोत्राचे! वकिलाचा न्यायाधीश झालेला आपल्याला चालतो. मग राजदूताचा झाला तर बिघडलं कुठं? जपानमध्ये होतात. लंडनला राजदूत राहिलेले केइची हायाशी २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.

तरी मन कचरतं. ज्यानं जन्मभर 'नाही'चा उच्चार 'विचार करू' असा केला, तो 'फाशी' कशी सुनावणार?

आपल्याकडे उलटा प्रवास केला तो मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी. १९५८ साली मुंद्रा प्रकरणाची चौकशी त्यांनी उघडपणे, लोकांसमक्ष केली, मंत्र्यांना जबाबदार धरलं आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना घरी जावं लागलं. त्याच वर्षी सरकारनं छागलांना राजदूत म्हणून वॉशिंग्टनला धाडलं. ही गुणांची कदर की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

खरी गंमत पुढंच आहे. दादरा-नगर हवेलीच्या वाटेवरून पोर्तुगालनं भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं. तिथं आपला माणूस बाकावर नसेल, तर खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमायची मुभा असते. भारतानं नेमले छागला. १९६० साली निकाल लागला तेव्हा स्वारी राजदूतही होती आणि न्यायाधीशही! कोर्ट म्हणालं, पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, पण सैन्यासाठी नाही. आणि भारतानं काही आगळीक केलेली नाही. छागलांनी भिन्न मत नोंदवलं. पोर्तुगालनं नेमलेल्या फर्नांडिसांनीही नोंदवलं. कोणाचं मत कोणत्या बाजूचं, हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर भंडारदऱ्याला, शेंडीतल्या चहाच्या टपरीवर, भर पावसात आमच्यात जुंपली.

"न्यायाधीशाला देश नसतो," आमच्यातले श्रीरामपूरकर गरजले.

"असं? मग तुटीच्या वर्षी या धरणातून जायकवाडीला पाणी सोडायचं ठरतं, तेव्हा तुम्ही का ओरडता?" पैठणकरांनी विचारलं. "२००५ चा कायदा आहे!"

"कायदा असेल. १९२६ पासून पाणी आमचं आहे!"

टपरीवाला कप विसळता विसळता म्हणाला, "सायेब, पाणी आमच्या दारावरून जातं आन् उन्हाळ्यात आमच्या बाया हंडे घेऊन डोंगर चढतात. आमच्याकडून कोण बसवलाय बाकावर?"

दोघेही चहाकडं पाहू लागले.

बाजू नसलेला माणूस आणायचा कुठून? जन्मतःच आपण नदीच्या कुठल्या तरी काठाला लागतो. तेव्हा न्यायाधीश पूर्वी कोण होता, हे विचारून फारसा उपयोग नाही. यानं आपल्याच काठाविरुद्ध कधी निकाल दिलाय का, एवढंच विचारावं. छागलांच्या खात्यावर १९५८ साल जमा आहे. हेगचा खर्च वजा जाताही शिल्लक उरते.

आमच्या बाकावर त्या दिवशी कोणाच्याच खात्यात तसली जमा निघाली नाही. चहाचे पैसे द्यायला मात्र दोघेही एकदम पुढं सरसावले. दुसरं काय, वकिलातच ती!