अनुकृतीचे ऋण

‘नक्कल’ या शब्दाला मराठीत चांगले नाव नाही. ‘गिरवणे’ या शब्दाला मात्र मान आहे. वास्तविक दोन्हींत कृती एकच, दुसऱ्याने केलेले पुन्हा करणे. मग एक निंद्य आणि दुसरी वंद्य का ठरावी?

आगरदांड्याच्या खाडीकाठी राहणारी एखादी मुलगी जलरंग शिकू पाहते, असे समजू. जवळ गुरू नाही; आहे ती सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ची छापील प्रत. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या या चित्रकाराने १९४५-४६च्या सुमारास आपली कन्या गीता हिला समोर उभी करून ते जलरंगात रंगविले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलासंग्रहालयात आहे. एका हातात दीप, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड आणि त्या उजेडात उजळलेला चेहरा.

ही मुलगी ते चित्र उतरवू लागते आणि पहिल्याच दिवशी तिला कळते की, पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो. कागदाचा पांढरेपणा हाच त्यातला प्रकाश. म्हणून आधी फिकट, मग गडद. एक थर वाळल्यावर दुसरा. पावसाळ्यात खाडीवरच्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही. घाई केली की साडीचा रंग हातावर उतरतो, आणि एकदा मुरलेला डाग सहसा पुरता निघत नाही. अशा वेळी अनुकृती हीच शिस्त होते. स्वतःची हौस बाजूला ठेवून दुसऱ्याच्या निर्णयामागचे कारण शोधावे लागते. यात चोरी कोठे आहे?

चोरी सुरू होते ती नाव गळते तेथे. याच चित्राच्या वाट्याला ते आले आहे. ते राजा रविवर्म्याचे आहे, असे कितीतरी जण सहज सांगतात. रविवर्मा १९०६ सालीच निवर्तला होता. प्रती घरोघरी पोहोचल्या, कर्ता मात्र मागे राहिला. कायदा चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे त्याचा हक्क राखतो. हळदणकर १९६८ साली निधन पावले, तेव्हा ही मुदत २०२८ अखेर संपेल. खासगी अभ्यासाला कायद्याची मोकळीक आहे. बाजारात मांडलेल्या प्रतीचा न्याय वेगळा. परंतु कायद्याची मुदत संपते म्हणून ऋण फिटत नाही. प्रतीच्या कोपऱ्यात ‘हळदणकरांवरून’ एवढा एक शब्द लिहिणे, ही त्याची सर्वांत सोपी फेड आहे. तो शब्द लिहिणाऱ्याला कमीपणा येतो असे ज्याला वाटते, त्याने आपण कशासाठी शिकतो हे स्वतःला विचारावे.

आणि तरीही अनुकृतीला एक मर्यादा आहे. हळदणकरांनी पाहिली ती आपली लेक. ही मुलगी पाहते तो छापील कागद. हात उतरवता येतो, पाहणे उतरवता येत नाही. आपल्या समाजाला परिचित असलेले गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांचे उदाहरण येथे बोलके आहे. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले, पण शिकलेल्या हाताने रंगविली ती साडी नेसलेली, आपल्यातलीच वाटणारी मरियामाता. गुरूची रीत घेतली, चेहरा आपल्या माणसांत शोधला.

तेव्हा गिरवणे वंद्य ठरते ते दोन अटींवर: ज्याचे घेतले त्याचे नाव सांगावे, आणि जे घेतले ते आपल्या डोळ्यांनी पाहण्याच्या कामी लावावे. आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या फेरीची वाट पाहत उभ्या असलेल्या कोळणीच्या चेहऱ्यावरही सांजेचा उजेड पडतो. तो कोणी रंगवून ठेवलेला नसेल. त्या मुलीने राखायला शिकलेला पांढरा कागद खरा तिच्यासाठी आहे.