भट्टीचे माप

गेल्या मे महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक माता सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन थांबली. पिशवीतून तिने एक इंग्रजी कादंबरी काढली. "फादर, लेकरू चेटकिणीचं पुस्तक वाचायलंय. वाचू देऊ का काढून घेऊ?" बारा वर्षांची ती मुलगी आईच्या मागे मान खाली घालून उभी होती. जादूटोणा हा पहिल्या आज्ञेचा भंग आहे, हे मीच तिला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकविले होते. मी पुस्तक ठेवून घेतले आणि आठ दिवसांचा अवधी मागितला.

ते पुस्तक म्हणजे टेरी प्रॅचेट (१९४८-२०१५) या इंग्रज विनोदी लेखकाची २००३ साली प्रसिद्ध झालेली 'द वी फ्री मेन' ही कादंबरी. टिफनी एकिंग ही नऊ वर्षांची मुलगी तिची नायिका. मेंढ्या पाळणाऱ्या घरातली, लोणी आणि चीज करण्यात तरबेज, आणि नको तितके प्रश्न विचारणारी. परीराणीने पळविलेल्या धाकट्या भावाला सोडविण्यासाठी ती हाती लोखंडी तवा घेऊन निघते. साथीला वीतभर उंचीचे, निळ्या अंगाचे, भांडखोर आणि चोरटे असे बुटके लोक. वाचताना मी खोलीत एकटाच हसत होतो, हे कबूल करतो. लेखक श्रद्धावंत नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

परंतु या मुलीला चेटकीण का व्हावेसे वाटते, याचे कारण हसण्याजोगे नाही. तिच्या मुलखातील सरदाराचा मुलगा नाहीसा होतो. जवळच एक म्हातारी एकटी राहत असते. तोंडात दात नाहीत, स्वतःशी बोलण्याची सवय, सोबतीला एक मांजर. एवढा पुरावा गावाला पुरतो. तिचे घर जाळले जाते, मांजर दगडांनी मारले जाते, तिला कोणी आसरा देत नाही, आणि हिवाळ्यात ती बर्फात मरून पडते. टिफनी जाऊन त्या म्हातारीची भट्टी पाहते. एवढ्याशा भट्टीत अख्खा मुलगा कसा भाजला जाईल, हा तिचा प्रश्न. गावातील एकाही मोठ्या माणसाला तो सुचला नव्हता. कथांतील राक्षसिणीचे डोळे ताटलीएवढे असतात असे वाचले, तर ही मुलगी ताटलीही मोजून पाहते. असे पुन्हा घडू नये, म्हणून तिला चेटकीण व्हायचे असते.

येथे माझे हसणे थांबले. आपल्या मराठवाड्यात 'भानामती' हा शब्द ठाऊक नाही असे घर विरळा. पंचवीसेक वर्षांपूर्वी, दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या सीमेकडील एका खेड्यातून मला बोलावणे आले. आपल्याच एका कुटुंबातील नवी सून कुत्र्यासारखी भुंकत होती. भानामती झाली म्हणून गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवेकडे बोट दाखविले जात होते. मी गेलो, सुनेच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले. सून शांत झाली. "फादरच्या पाण्यानं उतरली," असे गाव म्हणाले, आणि मला ते ऐकून बरे वाटले.

ख्रिस्तसभेच्या कायद्याचा कोणताही भंग मी केला नव्हता. भूत काढण्याच्या विधीला बिशपांची स्पष्ट अनुमती लागते. मी केवळ आशीर्वादाची प्रार्थना केली होती. तथापि पाण्याने उतरली, म्हणजे लावणारी कोणी तरी होतीच, हे त्या गावाने माझ्याच हातून सिद्ध करून घेतले. सुनेला काय सलते आहे, हे मी विचारले नाही. तिला डॉक्टरांना दाखवा, असेही सांगितले नाही. आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेलो नाही. अंतर फार तर शंभर पावलांचे असेल. पुढल्या भेटीत त्या घराला कुलूप दिसले.

या पापात आपण नवखे नाही. १४८० च्या दशकात चेटकिणी कशा ओळखाव्यात यावर कुप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा हाइनरिश क्रामर हा डॉमिनिकन धर्मगुरू होता. त्यावर प्रतिवाद करणाराही धर्मगुरूच निघाला, हा आपल्याला दिलासा; फक्त मध्ये जवळजवळ दीडशे वर्षे गेली. जर्मन येशूसंघीय फ्रेडरिक श्पे याने १६३१ साली, स्वतःचे नाव न घालता, चेटकिणींच्या खटल्यांविरुद्ध पुस्तक छापले. छळ केला तर कोणीही काहीही कबूल करील, हा त्याचा मुद्दा. तोही एका अर्थी भट्टीच मोजत होता. चार वर्षांनी ट्रिअर येथे आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीचा रोग जडून तो वारला.

आपल्या राज्यात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणी करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणाऱ्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र जो नुसता पाणी शिंपडून घरी गेला आणि खूश झाला, त्याचे काय, हे कायदा सांगणार नाही. त्याने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही.

ते मला टिफनीच्या दुसऱ्या पुस्तकात, 'अ हॅट फुल ऑफ स्काय' (२००४) मध्ये, सापडले. अकरा वर्षांची टिफनी डोंगरातल्या एका चेटकिणीकडे उमेदवारीला जाते. मंत्रतंत्र शिकायला मिळतील ही अपेक्षा; वाट्याला येते ती शेळ्यांची धार काढणे आणि गावोगाव फिरून आजारी-म्हाताऱ्यांची सेवा. आपल्या सिस्टरांच्या दवाखान्यातील दिनक्रमाहून फारसे वेगळे नाही! एक वृद्ध आपल्या अंत्यविधीसाठी साठविलेल्या नाण्यांची पेटी जागेवर आहे ना, हे तिच्याकडून पुन्हा पुन्हा पाहून घेत असतो. पुढे एक अदृश्य शक्ती टिफनीच्या मनाचा ताबा घेते, आणि ती पेटी तिच्याच हातांनी लुटली जाते. आपण म्हणू, अंगात आले होते, तिचा काय दोष? टिफनी ही सबब घेत नाही. त्या शक्तीने स्वतःचे काही आणले नव्हते. माझ्या मनात जे पडून होते तेच तिने उचलले, असे ती मानते.

त्या खेड्यात मलाही कोणी फसविले नव्हते. आपल्या हातात काही सामर्थ्य आहे असे लोकांनी म्हणावे, ही इच्छा माझ्यात आधीपासून पडून होती. गावाने ती उचलली.

आठ दिवसांनी पुस्तक परत केले. वाचू दे, म्हणालो, आणि तूही वाच. का, हे सांगताना त्या माउलीला आणि मुलीला मी ही हकीकत सांगितली. आई काही बोलली नाही. मुलीने विचारले, "फादर, त्या बाईचं नाव काय होतं?"

मला ते सांगता आले नाही. सुनेचे नाव आठवते. त्या बाईचे मी तेव्हाही विचारले नव्हते.